गल्लीतले फॉर्म आणि अमेरिकेतलं कॉलेज

प्रश्न : ताई, मी अकरावी सायन्सला आहे, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजात, नाहीतर आपल्याकडच्या अशोका किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठात शिकायची फार इच्छा आहे. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, नुसत्या मार्कांवर भागत नाही. संस्था काढा, शोधनिबंध छापून आणा, आमच्याकडे पॅकेज आहे. तेवढे पैसे घरात नाहीत. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. कॉलेजातून आलं की आईला विड्यांचे कट्टे बांधू लागायचे आणि गल्लीतल्या बायकांच्या मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरून द्यायचे, त्यातच संध्याकाळ जाते. मी काय करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाळ, ते पॅकेज घेऊ नकोस. पैसे असते तरी मी हेच सांगितलं असतं. घाईघाईत उभी केलेली संस्था आणि पैसे देऊन छापलेला निबंध अर्ज वाचणाऱ्यांच्या नजरेखालून रोज जातात. हार्वर्डला अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही, आणि परत फिरणाऱ्यांत उत्तम मार्कांची मुलं भरपूर असतात. या मुलीला भोवताली काय दिसलं, तिने त्याचं काय केलं आणि ते किती काळ धरून ठेवलं, हे तिथे बघतात.

तुझे ते फॉर्म मला फार मोलाचे वाटतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यातले अडतात कुठे? माझा अंदाज, नावावर. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लावायची पद्धत. मग आधारवर एक क्रम, पासबुकात दुसरा, शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंगच वेगळं. आईचा दिवस बुडतो, पोराचे पैसे राहतात. आजपासून एक वही घाल : अर्ज कितवीच्या मुलाचा, काय चुकलं, कुठे जाऊन दुरुस्त झालं, पैसे खात्यात आले का. कुणाचं नाव किंवा आधार नंबर त्यात लिहू नकोस. वर्षभराने नेहमीच्या चुका तुझ्यासमोर येतील. त्यांची मराठी-तेलुगूत एकपानी यादी कर आणि पुढच्या वर्षी फॉर्म सुटायच्या आधी घरोघर दे. दोन्ही भाषा येणारी, त्याच गल्लीतली मुलगीच हे करू शकते.

अमेरिकेतली बरीच कॉलेजं ‘कॉमन ॲप’ या सामायिक ऑनलाइन अर्जावरून अर्ज घेतात. तिथे निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द, आणि अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या यादीत जागा १०. प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. ‘समाजसेवेची आवड’ असं लिहून ती वाया घालवू नकोस. काय केलंस ते लिही. घरच्या जबाबदाऱ्या हा त्या यादीतला एक स्वतंत्र प्रकारच आहे, तेव्हा कट्टे बांधणंही बिनदिक्कत लिही. निबंधात एकच बाई, एकच अडलेला फॉर्म घे. आधी घरच्या भाषेत कुणाला तरी सांगून बघ, इंग्रजी नंतर.

अभ्यास मात्र सुटता कामा नये. आयआयटीला जेईई, दिल्ली विद्यापीठाला सीयूईटी या प्रवेश परीक्षा. तिथे निबंध कुणी वाचत नाही. अझीम प्रेमजीला प्रवेश परीक्षा आणि मुलाखत दोन्ही असतात, आणि मुलाखतीत या वहीबद्दल तुला खूप बोलता येईल.

पैशांचं वडिलांना नीट समजावून सांग. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की गरजेएवढी मदत देतात. अशोका आणि अझीम प्रेमजीलाही उत्पन्न पाहून फीमध्ये सवलत मिळते. वडिलांच्या पगाराचा आणि उत्पन्नाचा कागद मात्र वेळेत काढून ठेवा.

शिफारसपत्राचं आत्तापासून बघ. ज्या सरांच्या किंवा मॅडमच्या तासाला तू शंका विचारतेस, त्यांनाच पत्र माग. मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे धावू नकोस. बारावीच्या जूनमध्येच त्यांना भेट. अर्ज ऑगस्टमध्ये खुले होतात, बहुतेक ठिकाणची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, आणि तेव्हा तुझी बारावीची प्रॅक्टिकल्स तोंडावर आलेली असतील.