"घरचंच काम" रेझ्युमेत का नाही?

प्रश्न: मी कराडची. शिवाजी युनिव्हर्सिटीतून बीकॉम झालंय, ६८ टक्के. एमएससीआयटी, टायपिंग आणि टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) कोर्स पण केलाय. चार महिने पुण्यात अकाउंट्स असिस्टंटसाठी नोकरीच्या साइटवरून अर्ज करतीये, सत्तरच्या वर झाले असतील, त्यातले दोन इंटरव्ह्यूपर्यंत गेले आणि दोन्हीकडे "कळवतो" म्हणाले. बीकॉम आणि टॅली सगळ्यांकडेच असतं, मग मी वेगळी कशी दिसणार? मैत्रीण म्हणते पंधराशे रुपये देऊन रेझ्युमे डिझाइन करून घे, बाबा म्हणतात एमपीएससीचा फॉर्म भर. अनुभव काहीच नाही, म्हणजे मलकापूरला मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाची बिलं दोन वर्षं टॅलीत टाकते, पण ते घरचंच काम. आणि पगार विचारला तर किती सांगायचा?

उत्तर:

अगं, दोन वर्षं चालू दुकानाची बिलं टॅलीत टाकतीयेस आणि वर लिहितेस अनुभव काहीच नाही! रेझ्युमे सोबत पाठवलास तो बघितला, त्यात मामांच्या दुकानाचा एका शब्दाने उल्लेख नाही, पण छंदांमध्ये "गाणी ऐकणे" मात्र आहे. पगार मिळाला तरच अनुभव असं डोक्यात कुणी भरवलंय माहीत नाही, मुलींच्या बाबतीत तर हे फारच होतं, घरच्या धंद्यात मुलगा बसला की तो "बिझनेस बघतो" आणि मुलगी बसली की ती "मदत करते". असो.

आधी तुझा रेझ्युमे वाचणार कोण ते बघ. तू टाटा-महिंद्राच्या हेड ऑफिसला अर्ज करत नाहीयेस, भोसरी, चाकणच्या छोट्या कंपन्या आणि सीए लोकांची ऑफिसं, असंच सगळं तुझ्या यादीत आहे. तिथे एचआर वगैरे नसतोच बऱ्याचदा, मालक किंवा जुने अकाउंटंट स्वतःच फोनवर पीडीएफ उघडून बघतात, तेही मध्येच वेळ मिळेल तसं. समोर ढीगभर रेझ्युमे, सगळ्यांवर बीकॉम, टॅली, जीएसटीचं नॉलेज, मेहनती, प्रामाणिक. मेहनती नाही असं कोण लिहिणारे? त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, हिला शिकवायला माझे किती दिवस जाणार. त्याचं उत्तर ज्या कागदावर दिसेल तो कागद बाजूला निघतो, बाकी पहिल्या-दुसऱ्याच्या टक्क्यांत फार फरक कोणी करत नाही.

आता त्यांचं काम अडतं कुठे ते तुला माहितीच आहे, फक्त तू त्या बाजूने बघितलेलं नाहीस. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत सप्लायर जीएसटीआर-१, म्हणजे त्यांच्या विक्रीचं रिटर्न, भरतात, १४ तारखेला त्यावरून आपला २बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची सरकारी यादी, तयार होतो आणि २० तारखेला ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, भरायचा असतो. मधले ते पाच-सहा दिवस प्रत्येक अकाउंट्स सेक्शनमध्ये नुसती पळापळ, कारण टॅलीतलं खरेदीचं रजिस्टर आणि २बी कधीच सरळ जुळत नाही आणि जे बिल २बीत नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, म्हणजे मालकाच्या खिशातून रोख जाते. अकाउंट्स असिस्टंट पाहिजे म्हणून जी जाहिरात येते त्यातल्या निम्म्या जाहिरातींचा खरा अर्थ "हे जुळवणारं माणूस पाहिजे" एवढाच असतो असं माझं मत आहे.

आणि तुझ्याकडे मामांचं दुकान आहे! तर एक काम कर. मामांना विचारून, किंवा त्यांच्या टॅक्सवाल्यांकडून, मागच्या तीन महिन्यांच्या २बीच्या एक्सेल फाइल घे आणि टॅलीतून खरेदीचं रजिस्टर काढ. दोन्ही शेजारी ठेवून जुळव. पहिल्या झटक्यात निम्मंसुद्धा जुळणार नाही, घाबरू नकोस. सप्लायरने बिल नंबर लिहिलेला असणार एचडब्ल्यू/०४५/२५-२६ आणि तू टॅलीत टाकलेलं असणार नुसतं ४५, की झालं, एक्सेलचा शोधायचा फॉर्म्युला, व्हीलूकअप, म्हणतो सापडत नाही. कुठे नंबरच्या मागे स्पेस राहिलेली असते, ती ट्रिम फॉर्म्युल्याने जाते. म्हणून नुसत्या बिल नंबरवर न जाता जीएसटी नंबर आणि टॅक्सची रक्कम मिळून बघायचं, मग बऱ्याच जोड्या आपोआप लागतात. राहतील त्यातलं एकेक बिल हातात घेऊन कारण शोध. बेळगावच्या पार्टीचा माल असेल तर त्यांचा नंबर कर्नाटकच्या २९ ने सुरू होतो, आपला महाराष्ट्राच्या २७ ने, म्हणजे परराज्यातल्या मालाचा आयजीएसटी लागायला पाहिजे, तिथे चुकून राज्यातल्या मालाचा सीजीएसटी-एसजीएसटी टाकलाय का? एखादा सप्लायर तिमाही रिटर्न भरणारा असेल, पाच कोटींपर्यंत टर्नओव्हरवाल्यांना ती सोय आहे, त्याने मधल्या महिन्यांत बिलं अपलोड केली नाहीत तर ती तिमाहीच्या शेवटीच दिसणार. एखाद्याने तुमचं बिल भलत्याच्याच नंबरवर टाकलेलं निघेल. आणि एखादा नुसता भरतच नसेल, तो तर प्रत्येक दुकानाला एक असतोच.

हे झालं की एका पानाची शीट कर, बिल, रक्कम, का जुळलं नाही, आता काय करायचं, कोणाला फोन करायचा. बस. पण पार्ट्यांची नावं आणि जीएसटी नंबर काढून टाक, "सप्लायर अ, सप्लायर ब" असं कर, मामांचा धंदा चार लोकांना दाखवायचा नाहीये आणि बघणाराही हेच बघतो की ही पोरगी दुसऱ्याचा डेटा कसा सांभाळते. ही शीट म्हणजे तुझा अनुभव.

रेझ्युमेवर मग काय येईल? "नॉलेज ऑफ टॅली अँड जीएसटी" ही ओळ जाईल आणि तिथे येईल: हार्डवेअर दुकान, मलकापूर, खरेदी-विक्रीच्या टॅली एन्ट्री, दोन वर्षं, तीन महिन्यांच्या खरेदीची २बीशी जुळणी, न जुळलेल्या बिलांची कारणांसह यादी, रोजची कॅश जुळवणे, येणी वसुलीसाठी पार्टीवाइज आउटस्टँडिंग (कोणाकडून किती यायचंय) काढणे. शेवटची दोन्ही कामं करत असशील तरच लिही हं. दुकान मामांचं आहे हे लपवायचं कारण नाही, विचारलं तर सरळ सांग. वरचा तो करिअर ऑब्जेक्टिव्हचा परिच्छेद, वडलांचं नाव, वैवाहिक स्थिती, खालचं "वरील माहिती सत्य आहे"चं डिक्लरेशन, सगळं काढ. त्या जागी एक ओळ टाक जी कराड-साताऱ्याकडच्या मुलांनी टाकायलाच पाहिजे आणि कोणी टाकत नाही: पुण्यात राहायची सोय आहे, अमुक दिवसांत जॉइन होऊ शकते. कारण मालकाला भीती असते की गावाकडची पोरगी दोन महिन्यांत परत जाईल. तुझ्या पत्रात मावशी पिंपरीत राहते असं आहे, मग हे पहिल्या चार ओळींतच येऊ दे.

पंधराशे रुपयांचं डिझाइन नको. ते रंगीत टेम्प्लेट, त्यात एक्सेलला पाचपैकी चार स्टार दिलेले, मला तर ते बघून हसूच येतं, चार स्टार म्हणजे नक्की काय येतं? साधं काळं-पांढरं एक पान आणि फाइलला स्वतःचं नाव, "रेझ्युमे फायनल न्यू" नको. ते पैसे पुण्याला इंटरव्ह्यूला जायच्या एसटीला ठेव.

इंटरव्ह्यूत तुला "इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे काय" विचारलं आणि तू पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवलीस असं लिहिलंयस. व्याख्या बरोबरच असणार, पण ती तुझ्या आधी आलेल्यानेही म्हणलेली असते. तू सिमेंटचं सांग. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मामांच्या दुकानात सिमेंट आहे म्हणतेस म्हणजे त्या दिवशी गोडाऊनमध्ये २८ ने घेतलेला माल पडलेला असणार आणि विकायचा १८ ने. मग जुन्या मालाचं क्रेडिट कसं राहिलं, टॅलीत आयटमचा रेट कोणत्या तारखेपासून बदललास, एखाद्या गिऱ्हाइकाने जुन्या तारखेचं बिल नव्या रेटने मागितलं का, हे तू स्वतः बघितलेलं आहेस. आठवून, जसं झालं तसं, दोन मिनिटांत सांगायची तयारी कर. असं काही सांगितलंस ना की समोरचा माणूस पेन खाली ठेवून उलट प्रश्न विचारायला लागतो, आणि तो खरा इंटरव्ह्यू. उलट प्रश्नात हमखास येणारी एक गोष्ट: सप्लायरला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, हे माहीत असू दे. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपला जाणार असशील तर जॉबवर्कचं चलन, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला माल पाठवतानाचा कागद, वाचून जा, बाहेर पाठवलेलं मटेरियल वर्षाच्या आत परत यावं लागतं वगैरे, हार्डवेअरच्या दुकानात ते तुला भेटलेलं नसणार. बरेच लोक तिथेच टॅली उघडून एन्ट्री टाकायला लावतात, त्यासाठी घरी एज्युकेशनल मोडवर हात चालू ठेव, ठराविक तारखांच्याच एन्ट्री घेतं ते, पण प्रॅक्टिसला पुरतं.

अर्ज सत्तर नकोत, आठवड्याला पाच-सहाच कर पण प्रत्येक वाचून. जाहिरातीत काय काय काम लिहिलंय त्यातलं जे तू केलंयस तेच मेसेजमध्ये वर आण. म्हणजे असं काहीतरी: "सर, आपल्या जाहिरातीत पर्चेस एन्ट्री आणि जीएसटी रिकन्सिलिएशन लिहिलंय. मी हार्डवेअर दुकानाच्या पर्चेस एन्ट्री दोन वर्षं करतीये, एका महिन्याच्या जुळणीचा नमुना सोबत जोडलाय. पिंपरीत राहणार आहे, पंधरा दिवसांत जॉइन होऊ शकते." इंग्रजीत लिही पण इतकंच साधं, गुगलवरून उचललेलं जड इंग्रजी पहिल्या फोनलाच उघडं पडतं. आणि फक्त साइटवर विसंबून राहू नको, मामांच्या टॅक्सवाल्यांना पुण्यातले दोन सीए माहीत असतीलच, विचार त्यांना, लाजायचं काय त्यात. सीएच्या ऑफिसला फोन करायचा असेल तर १५ ते २० तारीख सोडून कर, नाहीतर चांगला माणूससुद्धा वसकन अंगावर येतो. पुण्याचं जमेपर्यंत तासवडे एमआयडीसीत किंवा कराडातच एखाद्या सीएकडे मिळालं तर घे, तिथे एका दुकानाऐवजी वीस-पंचवीस दुकानांची बिलं हाताखालून जातात.

एक मात्र करू नकोस. क्लासमधलं कोणी ना कोणी सांगतं की एक्स्पिरियन्स लेटर बनवून मिळतं, टाक. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) नंबर मागितला की आधी कुठे कधी काम केलं सगळं दिसतं, आणि छोट्या ठिकाणी तर एक फोन फिरवला की कळतं. खरं सांगण्यासारखं इतकं असताना खोटं कशाला.

बाबांचं एमपीएससीचं म्हणणं वेगळं पत्र लिहिण्याएवढं मोठं आहे, पण नोकरी मिळत नाही म्हणून तिकडे जायचं असेल तर आत्ताच नको. अभ्यासाची स्वतःची ओढ असेल तर परत लिही, मग बोलू.

पगाराचं. "तुम्ही द्याल तो" असं अजिबात म्हणायचं नाही, त्याने आपण नम्र वाटत नाही, स्वस्त वाटतो. मावशीकडे राहिलीस तरी जाणं-येणं, डबा, मावशीच्या घरात तू काय देणार, घरी किती पाठवायचं, हे मांडून एक खालची मर्यादा ठरव आणि ती कोणाला सांगू नको. मग त्याच भागातल्या तशाच चार-पाच जाहिरातींत पगार किती लिहिलाय ते बघ, त्यावरून एक रेंज बोल आणि तिचा खालचा आकडा तुझ्या मर्यादेच्या वर असू दे. समोरून आकडा आला की पहिला प्रश्न, हातात किती? पीएफ बेसिकच्या १२ टक्के आपल्याकडून कापला जातो आणि काही ठिकाणी मालकाचा वाटाही त्याच आकड्यात धरून सांगतात. दुसरा प्रश्न, सहा महिन्यांनी वाढ बघणार का. तेव्हाच विचार, जॉइन झाल्यावर तो विषय काढायला फार अवघड जातं.

शीट झाली की मला पाठव, नावं काढून.