अन्ननलिकेत ‘लो ग्रेड डिसप्लेसिया’ आढळल्यास कोणता उपचार निवडावा?

तुमच्या वडिलांच्या एन्डोस्कोपीच्या अहवालात ‘बॅरेट्स, लो ग्रेड डिसप्लेसिया’ असे आले आहे. एक डॉक्टर सहा महिने थांबा म्हणतात, दुसरे तो भाग जाळून घ्या म्हणतात आणि नातेवाईक अन्ननलिकाच काढून टाकायला सुचवतात, म्हणून तुम्ही सल्ला विचारला आहे. मी सांगलीत पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे आधी तपासलेल्या तुकड्याविषयी सांगते.

जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलून आतड्याच्या अस्तरासारखे होते, त्याला बॅरेट्स म्हणतात, आणि पुढे कधी कधी त्यातील पेशी बिघडू लागतात, तो डिसप्लेसिया. बिघाड सौम्य असेल तर लो ग्रेड, तीव्र असेल तर हाय ग्रेड. लो ग्रेड म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु आम्लाने नुसत्या सुजलेल्या अस्तरातील पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ अशाच दिसत असल्याने लो ग्रेडच्या निदानावर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही अनेकदा एकमत होत नाही. म्हणून स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या आणि पचनसंस्थेच्या बायोप्सी नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. त्यासाठी वडिलांना मिरज किंवा पुण्याला नेण्याची गरज नाही, ब्लॉक पाठवले तरी पुरते. संकोच मुळीच करू नका. मी तपासलेल्या स्लाइड कोणी दुसरीकडे नेल्या, तर मला बरेच वाटते.

निदान कायम राहिले, तर रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनचा, म्हणजे दुर्बिणीतून ते अस्तर उष्णतेने जाळण्याचा, विचार जरूर करावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, तज्ज्ञांनी निदान पक्के केलेल्या रुग्णांपैकी केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या २६.५ टक्के जणांचा आजार तीन वर्षांत हाय ग्रेड किंवा कर्करोगापर्यंत गेला, तर ॲब्लेशन केलेल्यांत हे प्रमाण १.५ टक्के होते. यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा जावे लागते आणि काहींची अन्ननलिका आकसते, ती सहसा फुगा घालून रुंद करता येते. अस्तरावर गाठ किंवा उंचवटा असेल, तर तो जाळायचा नसून आधी दुर्बिणीतूनच कापून तपासायचा असतो. प्रकृती फार नाजूक असेल, तर थांबून ठरावीक काळाने एन्डोस्कोपी करत राहणेही योग्यच आहे. अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया मात्र लो ग्रेडसाठी नाही. हाय ग्रेडमध्येसुद्धा आता प्रथम दुर्बिणीतूनच उपचार करतात.

अहवालात ‘स्क्वॅमस डिसप्लेसिया’, म्हणजे अन्ननलिकेच्या मूळच्याच अस्तरातील पेशींचा बिघाड, असेल, तर हे आकडे लागू होत नाहीत. तो आजार वेगळा असून त्याचा संबंध तंबाखू आणि दारूशी आहे.

कोणताही मार्ग निवडला तरी आम्ल कमी करणारी गोळी मनाने बंद करू नये. ॲब्लेशननंतरही हे अस्तर पुन्हा येऊ शकते, म्हणून एन्डोस्कोपीच्या तारखा चुकवू नयेत.