कॉलेजमधल्या मेंटॉर-मेंटी योजनेत सगळ्या थरांतली मुलं यावीत म्हणून प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना कसलं प्रशिक्षण द्यावं?

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि मेंटॉरच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे असतं. तुम्ही लिहिलंय की मेंटॉर, म्हणजे ठरावीक मुलांकडे लक्ष देणारे प्राध्यापक, नेमलेत, पण मुलं भेटायलाच येत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिली बॅच प्राध्यापकांची घेऊच नका, ऑफिसची घ्या.

माण-खटावहून एसटीने येणारं, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेलं पोर सरांच्या केबिनमध्ये जात नाही. ते जातं स्कॉलरशिपच्या खिडकीवर. महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवरचा अर्ज परत आलाय, बँक खातं आधारला जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झालाय. तिथे क्लार्क "नोटीस वाचता येत नाही का?" असं खेकसला, की ते पोर पुन्हा कुणाला काही विचारायला धजत नाही. म्हणून क्लार्क, ग्रंथपाल, लॅब असिस्टंट, रेक्टर, शिपाईमामा सगळ्यांना बसवा. शिपाईमामांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते विभागप्रमुखांना नसतं.

स्कॉलरशिपवरून आठवलं. प्रवर्गानुसार नावं वर्गात मोठ्याने वाचणं, "अमुक कॅटेगरीचे उभे राहा" म्हणणं, हे पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा. मेसेज ज्याचा त्याला पाठवता येतो.

प्राध्यापकांच्या सत्रात पीपीटी नको, प्रसंग द्या. जतकडची एक मुलगी दिवाळीनंतर महिनाभर गैरहजर आहे, आई-वडील ऊसतोडीला गेलेत, धाकटी भावंडं तिच्यावर. एकाने मेंटॉर व्हायचं, एकाने ती मुलगी, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. बहुतेक मेंटॉर "हजेरी किती आहे?" इथूनच सुरू करतात आणि दोन मिनिटांत सल्ल्यावर येतात. "घरी सध्या कोण असतं?" हा प्रश्न सुचायला दोन-तीन फेऱ्या लागतात. खरं प्रशिक्षण तेवढंच.

अपंगत्वाबद्दल मात्र माहितीच द्यावी लागते. 1995 च्या कायद्यात त्याचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि त्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणितात येणारी अडचण, आली. ज्याला आपण आळशी म्हणून सोडून देतो, त्याला कदाचित परीक्षेत जादा वेळ मिळू शकला असता. मेंटॉर समुपदेशक नसतो, हेही एकदा बजावून सांगा. मूल फार खचलेलं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाकडे हवा.

साताऱ्यात अशा कार्यक्रमात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघतंच. 1924 मध्ये त्यांनी इथे सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. यावर टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्या की मी विचारतो, तुमच्या गटातलं कोण डबा एकटं बसून खातं? मग सगळे एकमेकांकडे बघतात. पुढच्या आठवड्यात याचं उत्तर शोधून आणायचं, हाच गृहपाठ.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की एकाच पेनाने एका रात्रीत भरलेल्या मेंटॉर डायऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे नवीन फॉर्म काढू नका. एका मेंटॉरकडे वीसएक मुलं पुरेत. प्रशिक्षण प्रवेशाची गर्दी सुरू व्हायच्या आधी उरका. आणि प्रमुख पाहुणे अजिबात बोलावू नका, अर्धी सकाळ शाल-श्रीफळातच जाते.