वाचकांचे प्रश्न : लेअर एकत्र करूनही डिस्क का भरते?

प्रश्न : मी फोटोशॉपमध्ये एक मोठे भित्तिपत्रक करत आहे. सेव्ह केलेली फाइल जेमतेम ६०० एमबीची आहे आणि डिस्कवर सुरुवातीला ३० जीबीहून अधिक जागा मोकळी होती. तरीही दोन-अडीच तास काम झाले की स्क्रॅच डिस्क (प्रोग्रॅम तात्पुरत्या कामासाठी वापरतो ती डिस्कवरची जागा) भरल्याची सूचना येते आणि पुढचे काहीच करता येत नाही. शेवटी सगळे लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, एकत्र करून पाहिले, पण जागा काही मोकळी झाली नाही. असे का व्हावे?

उत्तर : सेव्ह केलेली फाइल किती मोठी आहे यावरून काम चालू असताना किती जागा लागेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि आपला घोटाळा नेमका तेथेच झाला आहे. डिस्कवरची फाइल आकुंचित स्वरूपात असते. उघडल्यावर मात्र प्रत्येक पिक्सेलचा हिशेब पूर्ण मांडावा लागतो. ६००० बाय ४००० पिक्सेलचे छायाचित्र घ्या. त्यात २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात आणि लाल, हिरवा, निळा या तीन रंगांचा प्रत्येकी एक बाइट धरला तरी ते सुमारे ७२ एमबी होते, मग जेपेग स्वरूपात ते ८ एमबीचे का असेना. हेच काम १६ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगासाठी दोन बाइट धरून, केले, तर आकडा थेट दुप्पट होतो.

याच्या जोडीला हिस्टरी असते. मागे जाता यावे म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक पायरीपूर्वीची स्थिती राखून ठेवतो आणि रॅम पुरेनाशी झाली की हा सारा ऐवज स्क्रॅच डिस्कवर उतरवतो. बारीक ब्रशचा एक फटकारा स्वस्तात पडतो, कारण चित्राचा बदललेला भागच तेवढा जपावा लागतो. परंतु संपूर्ण चित्रावर फिल्टर लावणे, ते फिरवणे किंवा त्याचा आकार बदलणे यांत प्रत्येक पिक्सेल बदलतो, त्यामुळे अशी एकेक पायरी अख्ख्या लेअरएवढी जागा घेऊ शकते. अलीकडच्या आवृत्त्यांत मुळातच ५० पायऱ्या जपण्याची सोय असते. लेअर एकत्र करणे हीदेखील एक पायरीच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. एकत्र केलेले जुने लेअर हिस्टरीत जसेच्या तसे शिल्लक राहतात आणि त्यांत नव्या सपाट लेअरची भर पडते. जागा मोकळी न होण्याचे कारण हेच.

आधी निदान करावे. खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर 'स्क्रॅच साइझेस' हा पर्याय निवडला, की दोन आकडे दिसतात : डावीकडे उघड्या चित्रांसाठी लागत असलेली जागा आणि उजवीकडे त्यासाठी उपलब्ध असलेली रॅम. डावा आकडा उजव्याच्या पुढे गेला की डिस्कचा वापर सुरू झाला, असे समजावे. मग फाइल सेव्ह करून 'एडिट' मेन्यूतील 'पर्ज'मधून हिस्टरी रिकामी करावी. ही आज्ञा परत फिरवता येत नाही आणि ती उघड्या असलेल्या सर्वच फाइलींना लागू होते, म्हणून मागे जाण्याची गरज उरलेली नाही अशी खात्री झाल्यावरच ती द्यावी. 'प्रेफरन्सेस'मध्ये पायऱ्यांची संख्या २०वर आणल्यास बहुतेकांचे काही अडत नाही. तेथेच स्क्रॅच डिस्कसाठी वेगळी, वेगवान एसएसडी निवडता येते. काढता-घालता येणारी किंवा नेटवर्कवरची डिस्क या कामी नेमू नये. डिस्क इतकी भरली असेल की प्रोग्रॅम उघडतच नाही, तर तो सुरू होत असताना विंडोजवर कंट्रोल आणि ऑल्ट, तर मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून धरावे, म्हणजे स्क्रॅच डिस्क बदलण्याची विचारणा होते.

प्रश्न : माझ्या फाइलीत ४०हून अधिक लेअर झाले आहेत. त्यांपैकी कोणते एकत्र करावेत?

उत्तर : संख्येवर जाऊ नये. अक्षरांचा लेअर आणि ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या चित्राचे रंग, उजेड बदलणारा लेअर) फारच थोडी जागा घेतात, कारण त्यांत चित्र नसून केवळ मजकूर किंवा सूचना साठवलेल्या असतात. असे वीस लेअर एकत्र करून जेवढी जागा वाचेल, त्याहून अधिक जागा पार्श्वभूमीची एक अनावश्यक प्रत काढून टाकल्याने वाचते. डाग काढण्यापूर्वी संपूर्ण छायाचित्राची प्रत करण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी वर एक रिकामा लेअर घ्यावा, हीलिंग ब्रशच्या पर्यायांत सर्व लेअरमधून नमुना घेण्याची मुभा द्यावी आणि दुरुस्ती त्या रिकाम्या लेअरवर करावी. मूळ चित्राला धक्का लागत नाही आणि नव्या लेअरमध्ये दुरुस्त केलेले ठिपके तेवढेच राहतात.

जागा खाणारे खरे मानकरी सहसा नजरेआड असतात. कॅनव्हासच्या कडेबाहेर गेलेला चित्राचा भाग दिसत नसला तरी फाइलीत असतो. पुढे तो लागणार नसेल, तर संपूर्ण कॅनव्हास निवडून 'इमेज' मेन्यूतून क्रॉप केल्यास बाहेरचे पिक्सेल निघून जातात. स्मार्ट ऑब्जेक्टचेही, म्हणजे मूळ फाइल आत सांभाळणाऱ्या लेअरचेही, तसेच आहे. भित्तिपत्रकावर तिकिटाएवढे दिसणारे छायाचित्र आत संपूर्ण मूळ फाइल बाळगून असते. त्याचा आकार निश्चित झाला असेल, तर ते साध्या लेअरमध्ये बदलावे. मात्र नंतर मोठे केल्यास ते धूसर दिसेल. हे नको असेल, तर मूळ छायाचित्र फाइलीबाहेर ठेवून फक्त जोडून घ्यावे, आणि फाइल दुसऱ्याकडे देताना 'पॅकेज' या आज्ञेने जोडलेली सर्व चित्रे सोबत द्यावीत.

एवढे करूनही एकत्र करायचेच असेल, तर ज्यांत पुन्हा बदल संभवत नाही असे शेजारचे पिक्सेल-लेअर तेवढे निवडावेत. मजकूर आणि मास्क (लेअरचा काही भाग झाकणारे आवरण) यांना हात लावू नये, कारण ग्राहकाचा बदल नेमका तेथेच येतो.

प्रश्न : काम पूर्ण झाल्यावर पीएसडी (फोटोशॉपची लेअरसह असलेली फाइल) ठेवावी, की जेपेग पुरेशी आहे?

उत्तर : लेअर असलेली एक प्रत ठेवावी, आणि ती एकच ठेवावी. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशा नावांच्या सहा-सात फाइली जेवढी जागा अडवतात, तेवढी लेअर कधीच अडवत नाहीत. जेपेगमध्ये लेअर टिकत नाहीत आणि बदल करून ती पुन्हा सेव्ह केली की दर्जा आणखी थोडा उतरतो, म्हणून ती पाठवण्यापुरतीच करावी. पीएसडी फाइलीला २ जीबीची आणि प्रत्येक बाजूस ३०,००० पिक्सेलची मर्यादा असते. त्यापुढे पीएसबी स्वरूप वापरावे लागते. सेव्ह करताना 'मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी' हा पर्याय बंद ठेवल्यास फाइलीत अंतर्भूत होणारी सपाट प्रत वगळली जाते आणि फाइल लहान होते, पण मग इतर काही प्रोग्रॅमना ती नीट दाखवता येत नाही.

प्रश्न : मी गिंप हा चित्रसंपादनाचा मोफत प्रोग्रॅम वापरतो. हे सारे मलाही लागू आहे का?

उत्तर : तत्त्व तेच आहे, नावे तेवढी वेगळी. 'प्रेफरन्सेस'मधील 'सिस्टिम रिसोर्सेस' येथे अनडूसाठी किती मेमरी द्यायची ते ठरवता येते, आणि तात्पुरत्या फाइलींचा स्वॅप फोल्डर 'फोल्डर्स' या भागातून दुसऱ्या डिस्कवर नेता येतो. फाइलीचे नाव देताना शेवटी एक्ससीएफच्या (गिंपचे स्वतःचे फाइल-स्वरूप) पुढे टिंब देऊन जीझेड जोडल्यास ती आकुंचित होऊन सेव्ह होते आणि सर्व लेअर शाबूत राहतात. सेव्ह होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच.