दीड वर्ष शिकूनही तबल्यावर हात बसत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी सोडून द्यावा का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४३, नोकरी अंधेरीला, घर ठाण्याला. दीड वर्षापासून शनिवार-रविवार तबल्याच्या क्लासला जाता. तुमच्यानंतर आलेली दहा-बारा वर्षांची मुलं पुढे निघून गेली, आणि गेल्या महिन्यापासून तर हात मागेच चाललाय असं वाटतंय. वेळ आणि पैसे वाया घालवतोय का, सोडून द्यावा का, असं विचारलंय.

मी तबला ३९व्या वर्षी सुरू केला, आता ५२ची आहे. गोरेगावला राहते, नोकरी फोर्टला. मैफल करत नाही आणि करणारही नाही. पण हा प्रश्न मी स्वतःला निदान चार वेळा विचारलाय, एकदा सोडूनही पाहिलंय, म्हणून लिहिते.

आधी एक सांगते. हा निर्णय जुलै महिन्यात घेऊ नका.

मुंबईच्या पावसाळ्यात तबला बोलत नाही. पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं आवरण, कातड्याची असते. हवेतला ओलावा ती पिते, सैल पडते आणि सूर उतरतो. 'तिं' या बोलाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नाहीशी होते, 'ना' हा बोल वाजवावा तर पाटावर टकटक केल्यासारखा येतो. जुन्या वादकाला हे हात लावताक्षणी कळतं. आपल्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, आपलाच हात बिघडला. मी सलग दोन पावसाळे असंच समजत होते. जास्त जोर लावायचे, त्यानं मनगट दुखायचं, आवाज आणखी फुटका यायचा. शेवटी एकदा घरचा तबला रिक्षात घालून क्लासला नेला. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, दोन बोटं टाकली आणि म्हणाले, "ताई, हा माझ्याही हातात बोलणार नाही."

गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या कातड्याच्या वेणीवर, हातोडीनं वरून खाली ठोकलं की सूर चढतो, हे तुम्हाला शिकवलंच असेल. पण कातडं मुळातच ओलं असेल तर सकाळी लावलेला तबला संध्याकाळी पुन्हा उतरतो, आणि रोज ठोकून गजरा मात्र खराब होतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, झाकून बंद कपाटात ठेवा. माझ्या ओळखीचे बरेचजण कपाटात लहानसा पिवळा बल्ब लावून ठेवतात, मीही तेच करते. गॅसवर किंवा कडक उन्हात मात्र शेकू नका, पुडीच्या मधल्या काळ्या शाईला तडे जातात. तुम्ही "गेल्या महिन्यापासून" असं लिहिलंय, म्हणजे जूनपासून. मला तरी यात तुमचा दोष कमी आणि हवेचा जास्त दिसतो.

आता दीड वर्षाबद्दल.

मोठ्या वयात शिकताना एक गोष्ट फार छळते, आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. समजणं आणि हातात येणं यांतलं अंतर. 'धाधा तिट धाधा तिंना' हा कायदा, म्हणजे रियाजासाठी बांधलेली बोलांची रचना, सरांनी सांगितला तेव्हा मला तो पाच मिनिटांत समजला. सोळा मात्रांत कसा बसतो, 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, कुठे येते, डग्गा कुठून बंद होतो, पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, कसे निघतात, सगळं वहीत उतरवून मी घरी गेले. तो कायदा दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, स्वच्छ वाजायला मला सात महिने लागले. या सात महिन्यांत रोज डोकं पुढे उभं राहून हातांची वाट पाहत होतं. लहान मुलाचं असं होत नाही. त्याला 'खाली' म्हणजे काय हे धड सांगता येत नाही, पण हात चालतात. त्याची समज आणि हात बरोबरीनं वाढतात, म्हणून त्याला अंतर जाणवतच नाही आणि दुःखही होत नाही. तुमच्या वर्गातली ती मुलं पुढे गेलीत, हे खरंच आहे. पण कायदा ऐकताना तुम्हाला जे दिसतं ते त्यांना अजून दिसत नसेल.

हे अंतर वर्षानुवर्षं राहतं. माझं अजून आहे. म्हणून मोठ्या माणसानं स्वतःला विचारायचा प्रश्न मला वाटतं असा आहे: या अंतरात रोज वीस-पंचवीस मिनिटं बसायला मला आवडतं का? कधी मोठा वादक होईन का, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

ते आवडायला लागण्यासाठी मात्र वेगाचा नाद सोडावा लागतो. आपण प्रगती लयीत मोजतो. आधी ठाय, म्हणजे संथ, मग दुगुन, मग चौगुन. आवाजात मोजून पाहा. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते ना, त्या टेकण्यात सगळं आहे. तबल्याच्या मध्यभागी लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची शाई थरावर थर घोटून बसवलेली असते. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी सुरात नसतात, म्हणून ढोलातून ठाम स्वर ऐकू येत नाही. शाईच्या वजनामुळे ते सुरात येतात. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासोबत १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. अनामिका हलकी टेकली की काही कंपनं दबतात, बाकीची मोकळी राहतात, आणि 'ना' स्वच्छ निघतो. ती दाबली गेली की सगळंच मरतं. आणि आम्ही मोठी माणसं ती हमखास दाबतो, कारण आम्हाला चुकायची भीती असते आणि भीती आधी बोटांत उतरते. मी सहा आठवडे फक्त 'ना' आणि 'तिं' वाजवले होते, दुसरं काही नाही. सरांना वाटलं मी कंटाळून सोडेन. पण माझा तबला खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. सकाळी साडेसहाला, खिडकी लावून, एक 'तिं' टाकायचा आणि त्याची आस संपेपर्यंत ऐकत राहायचं. ते ऐकणं मला ऑफिसच्या दिवसभर पुरायचं.

तुमचा प्रवास लांबचा आहे, म्हणून पढंतीबद्दल, म्हणजे बोल तोंडानं म्हणण्याबद्दल, सांगते. हात दिवसातून अर्धा तास मिळतील, तोंड मात्र दीड-दोन तास मोकळं असतं. गोरेगाव ते चर्चगेट मी रोज मनात बोल म्हणत जायचे. बोटांच्या पेरांवर तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली, पाचवी आणि तेरावी टाळी, नववी खाली. दाराजवळ उभं राहूनही करता येतं. जो बोल तोंडात पक्का आहे तो हातात कधी ना कधी येतो. जो तोंडातच अडखळतो तो हातात येत नाही, कितीही घोटा.

याचा फायदा वादनाच्या बाहेरही होतो. ३ फेब्रुवारीला उस्ताद अल्लारखाँ यांच्या स्मृतिदिनी षण्मुखानंदला भल्या सकाळी कार्यक्रम व्हायचा, झाकीरजी स्वतः असायचे. शिकायला लागण्याआधी मी तिथे जायचे तेव्हा सगळं एक सुंदर धो धो वादळ वाटायचं. शिकायला लागल्यानंतरच्या चौथ्या वर्षी गेले आणि लेहऱ्यावर, म्हणजे साथीला सतत फिरणाऱ्या धुनेवर, मात्रा मोजता मोजता एका तिहाईत, म्हणजे तीनदा येणाऱ्या बोलात, तिचा शेवट आधीच ओळखून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, माझा हात मांडीवर पडला. बरोबर पडला. शेजारच्या अनोळखी आजोबांचाही त्याच क्षणी पडला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या वादनातून असा आनंद मला कधी मिळणार नाही. पण वाजवायला बसले नसते तर तो मिळालाच नसता.

आता सोडण्याची बाजू. तीही खरी आहे, आणि तिला कमी लेखू नये असं मला वाटतं.

माझ्या भावानं ४६व्या वर्षी सतार घेतली. सतारीवर त्याचं जिवापाड प्रेम, घरात रात्री कायम रेकॉर्डिंग लावलेलं. तीन वर्षं शिकला. मिजराबानं, म्हणजे तार छेडायच्या बोटातल्या नखीनं, बोट कापायचं, तारेनं डाव्या हाताला घट्टे पडले, ते सगळं त्यानं सोसलं. पण क्लासच्या आदल्या रात्री त्याला झोप लागायची नाही, आणि "उद्या क्लास नाही" असा सरांचा निरोप आला की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. वहिनीनंच एकदा त्याला हे दाखवून दिलं. त्यानं आणखी दोन महिने स्वतःकडे लक्ष ठेवलं, मग सरांना भेटून, नीट सांगून, सतार त्यांच्याच एका गरजू विद्यार्थ्याला दिली. आता तो पूर्वीपेक्षा जास्त ऐकतो. त्याचं प्रेम ऐकण्यावर होतं, आणि ते ओळखायला त्याला तीन वर्षं लागली. ती वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही.

मी स्वतः सोडलं ते आईच्या आजारपणात. चौदा महिने तबल्याला हात लावला नाही. परत बसले तेव्हा हात पार गेलेला, 'तिरकिट' तर ओळखू येईना. पण बोल सगळे जागेवर होते, कारण आईच्या उशाशी बसून मी ते मनात म्हणायचे. हात दोन-अडीच महिन्यांत परत आला. तेव्हा तुमच्या घरी किंवा नोकरीत आत्ता काही जड चाललं असेल, तर सरांना स्पष्ट सांगून थांबा. त्याला सोडणं म्हणू नका.

तुमच्या प्रश्नात परीक्षेचा उल्लेख आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या आणि पुढे थांबवल्या. त्या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते, ताल आणि लिपी पक्की होते, हे मी मान्य करते. पण परीक्षेच्या आधीचे दोन महिने मी फक्त अभ्यासक्रम उरकत होते, आवाज कुठल्या कुठे गेला होता. तुमचा जीव त्यात गुदमरत असेल तर परीक्षा सोडून द्या, तबला ठेवा. सर रागावले तरी चालेल.

त्याऐवजी सरांकडून भजनी ठेका, केरवा आणि दादरा हे साथीचे ठेके नीट मागून घ्या. मुलांना कायदे आधी शिकवतात ते योग्यच आहे, त्यांच्यापुढे वीस वर्षं आहेत. पण मोठ्या माणसाला लवकर कुणाबरोबर तरी वाजवायला मिळालं पाहिजे. एकट्यानं खोलीत कायदे घोटून आमच्यासारखी माणसं सुकून जातात. आमच्या सोसायटीत गणपतीला पेटी वाजवणारे एक काका होते, त्यांनी मला तिसऱ्या वर्षी ओढून बसवलं. पाच दिवस, रोज तासभर भजनी ठेका. एकही उठाण नाही, तुकडा नाही. गाणारा श्वास कुठे घेतो, लय कुठे खेचतो, पेटी कुठे थांबते, हे त्या पाच दिवसांत जितकं कळलं तितकं आधीच्या वर्षभरात कळलं नव्हतं. ठाण्यात भजनी मंडळांना काय तोटा.

एक शरीराचं. मांडी घालून बसवत नसेल तर स्टँडवर तबला ठेवून खुर्चीत बसा, त्यात काही कमीपणा नाही. पण बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर रियाज थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते सहन करण्याची गोष्ट नाही.

आता तुम्ही एवढं करा. या रविवारी तबला घेऊन एखाद्या चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. ठाण्यात सापडला नाही तर दादरला या. पुडी गेली असेल तर बदलून घ्या. तो तबला लावत असताना मोबाइल खिशात ठेवून शेजारी बसा आणि ऐका. गजऱ्यावर एकेक ठोका पडतो तसा एकेका घरातून, म्हणजे गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या एकेका जागेतून, सूर कसा जुळत येतो, शेवटी चाटेवर सगळीकडे एकच 'ना' कसा येतो. मग त्याला विचारून तुम्हीही एक वाजवून बघा. घरी आणलात की नवरात्रापर्यंत रोज वीस मिनिटं फक्त 'ना', 'तिं' आणि तीनतालाचा ठेका, ठाय लयीत. क्लास चालू ठेवा, पण मुलांच्या शेजारी बसू नका, सरांच्या समोर बसा. ऑक्टोबरात हवा कोरडी होईल. तेव्हा क्लासच्या आदल्या रात्री झोप कशी लागते ते बघा, आणि मग काय ठरलं ते इथेच खाली कळवा. मी वाट बघेन.