पागडीची खोली आणि डॉट कॉम

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे: या वेळचा विषय डोमेन नावांची खरेदी-विक्री

प्रश्न : मी गेल्या वर्षी सहकारी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो. संकेतस्थळांची नावे, म्हणजे डोमेन, हजार रुपयांत घ्यायची आणि लाखांत विकायची असा उद्योग माझा भाचा मला सुचवतो आहे. दोन लाख रुपये यात घालावेत का आणि सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याने सांगितलेले खोटे नाही, पण अर्धेच आहे. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९९ साली ७५ लाख डॉलरना विकले गेले आणि ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ साली ३ कोटी डॉलरना. मात्र हे दुसरे नाव विकणारा कोणी हौशी गुंतवणूकदार नव्हता. मायक्रोस्ट्रॅटेजी या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीकडे ते वर्षानुवर्षे पडून होते. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले आणि १९९५ पर्यंत नोंदणीला पैसेही पडत नव्हते, त्यामुळे इंग्रजीतील छोटे, सोपे, सर्वांच्या तोंडी असलेले शब्द तेव्हाच उचलले गेले. आज केवळ डॉट कॉममध्ये १५ कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत, म्हणजे आपण बाजारात शिरतो आहोत तो हंगाम संपल्यावर, आणि हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडायला हवा.

मुंबईतील पागडीची खोली ज्याने पाहिली आहे त्याला हा व्यवहार समजायला वेळ लागत नाही. पागडीचा भाडेकरू खोलीचा मालक नसतो. तो किरकोळ भाडे भरतो, परंतु त्या खोलीत राहण्याचा हक्क मात्र मोठी रक्कम घेऊन दुसऱ्याला देऊ शकतो. डोमेनचेही तसेच आहे. डॉट कॉमची चाळ व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात आहे, डॉट इनची चाळ ‘निक्सी’ या भारतीय संस्थेच्या, आणि आपण ज्या रजिस्ट्रार कंपनीकडे पैसे भरतो ती भाडे गोळा करणाऱ्या मेहताजीसारखी. डॉट कॉमचे भाडे एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येते. कायमची खरेदी असा प्रकारच नाही. पागडीचा घरमालक हस्तांतराच्या वेळी आपला वाटा मागतो, येथे चाळीचा मालक विक्रीच्या किमतीत वाटा मागत नाही, ही जमेची बाजू. भाडे चुकले तर मात्र कोर्टकचेरीवाचूनच खोली हातची जाते.

हे भाडेच नवख्याला बुडवते. समजा, आपण शंभर डॉट कॉम नावे घेतली आणि प्रत्येकी वार्षिक नूतनीकरण साधारण १,२०० रुपये पडले, तर दरवर्षी १,२०,००० रुपये केवळ नावे सांभाळायला लागतील. या धंद्यात मुरलेले लोकही वर्षाला शंभरात एखाद-दोन नावे विकली जातात असेच धरून चालतात. म्हणजे दोन नावे विकली गेली आणि प्रत्येकी ६०,००० रुपये आले, तरी आपण फक्त बरोबरीत सुटलो. त्यातून विक्रीच्या बाजारपेठेची दलाली वजा करायची ती वेगळीच. पहिल्या वर्षाचा दोनशे-तीनशे रुपयांचा सवलतीचा दर पाहून हुरळून जाऊ नये, कारण हिशेब दुसऱ्या वर्षाच्या दराने मांडायचा असतो. मी स्वतः सुरुवातीला अशाच सवलतीत तीसएक नावे घेतली होती आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी सत्तावीस सोडून दिली. उरलेल्या तिनांतील एक चार वर्षांनी विकले गेले.

म्हणून दोन लाखांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. पहिले दोन-तीन महिने एकही नाव न घेता केवळ झालेल्या विक्रीच्या नोंदी वाचाव्यात. ‘नेमबायो’ या संकेतस्थळावर कोणते नाव कधी आणि किती डॉलरना विकले गेले हे पाहायला मिळते. बँकेत कर्जाची प्रकरणे तपासलेल्या माणसाला त्या नोंदींतून बरेच काही उमगेल. त्यानंतर पाच ते दहा नावे घ्यावीत आणि पंधरा हजारांच्या वर पहिल्या वर्षी जाऊ नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चांगले मराठी शब्द रोमन लिपीत लिहून त्यांची डॉट कॉम आणि डॉट इन नावे घेण्याचा माझा विचार आहे. शिवाय सध्या डॉट एआय जोरात आहे असे ऐकतो. कोणती नावे विकली जातात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शब्द चांगला असणे आणि त्याला गिऱ्हाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यासारख्या भाषाप्रेमी तरुणांची गफलत येथेच होते. ‘प्राजक्त’ हा शब्द सुंदर आहे. परंतु त्या नावासाठी पन्नास हजार रुपये मोजणारे दहा व्यावसायिक आपण आज नावानिशी सांगू शकतो का? नाव घेण्यापूर्वी संभाव्य ग्राहकांची अशी यादी कागदावर लिहून काढावी आणि ती पाच-सहांच्या पुढे सरकत नसेल तर नाव सोडून द्यावे. एखाद्या शहराचे नाव आणि एखादी सेवा यांच्या साध्या जोडीला, म्हणजे शहराच्या नावापुढे पाणीशुद्धीकरण, पॅथॉलॉजी किंवा वाहनदुरुस्ती असे काही जोडलेल्या रुक्ष नावाला, काव्यमय शब्दापेक्षा बरेचदा लवकर गिऱ्हाईक मिळते. त्याची किंमत मात्र बेताचीच येते.

मराठी शब्दांची खरी अडचण रोमन लेखनाची आहे. आपण ‘ज्ञ’ हा डी-एन-वाय-ए असा लिहितो, हिंदी भाषक तोच जी-वाय-ए असा लिहितो; ‘ळ’ आणि ‘ल’ दोघांनाही एल हे एकच अक्षर मिळते; दीर्घ ‘आ’साठी कोणी एक ए लिहितो, कोणी दोन. फोनवर नाव एकदा सांगितल्यावर समोरच्या माणसाने पुन्हा न विचारता ते अचूक लिहिले, तरच ते नाव घेण्याजोगे. ही चाचणी घरातल्या तीन माणसांवर करून पाहावी. फुकट होते आणि डोळे उघडते.

डॉट एआय हे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी काढलेले नाव नाही. ते कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या बेटाचे देशचिन्ह आहे, जसे डॉट इन आपले. तेथे किमान दोन वर्षांची नोंदणी करावी लागते आणि दर डॉट कॉमच्या कित्येक पट असतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या खिशाला एक चुकीचे नावही जड जाते. नावाच्या शेवटी येणाऱ्या काही नवीन प्रत्ययांमध्ये तर निवडक नावांचे वार्षिक भाडेच हजारो रुपये असते, आणि ते नोंदणीच्या पानावर ठळक दिसतेच असे नाही.

आधी कोणी वापरून सोडलेले नाव घेताना त्याचा इतिहासही तपासावा. ‘वेबॅक मशीन’ या संकेतस्थळावर इतर संकेतस्थळांची जुनी पाने दिसतात. त्या जागी पूर्वी जुगाराचा किंवा फसवणुकीचा उद्योग चालत असेल, तर ते नाव गूगलच्या आणि ईमेल सेवांच्या काळ्या यादीत असण्याची शक्यता असते.

प्रश्न : दोन मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण होणार अशी बातमी आली की त्यांच्या जोडनावाचे डोमेन आधीच घेऊन ठेवायचे आणि नंतर त्यांना विकायचे, यात बेकायदा काय आहे? नाव तर मोकळे असते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मनात बहुधा जिओ आणि हॉटस्टार यांच्या जोडनावाचे, म्हणजे ‘जिओहॉटस्टार’चे प्रकरण असावे. दिल्लीतील एका तरुण सॉफ्टवेअर विकासकाने ते डॉट कॉम नाव २०२३ सालीच घेऊन ठेवले होते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या बदल्यात केंब्रिजमधील आपल्या शिक्षणाचा खर्च रिलायन्स कंपनीने उचलावा अशी जाहीर विनंती केली. पुढे ते नाव दुबईतील दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. त्या तरुणाबद्दल अनेकांना सहानुभूती वाटली, मलाही थोडी वाटली. परंतु धंद्याचा नमुना म्हणून त्याकडे पाहू नये.

नाव मोकळे असणे म्हणजे ते घेण्याचा हक्क असणे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच ‘रेडिफ’शी साधर्म्य असलेल्या ‘रॅडिफ’ या डोमेनच्या वापराला मनाई केली होती, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते हे स्पष्ट केले. न्यायालयात न जाताही कंपनीला लवादाचा मार्ग असतो. डॉट कॉमसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय धोरण लागू आहे, आणि तक्रारदाराला त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या व्यापारचिन्हासारखे किंवा घोटाळा होईल इतके जवळचे आहे, नोंदणी करणाऱ्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदले व वापरले गेले आहे. डॉट इनच्या धोरणात शेवटची अट तक्रारदाराला अधिक सोपी आहे, कारण तेथे वाईट हेतूने नोंदणी किंवा वापर यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. चिन्हाच्या मालकालाच चढ्या भावाने विकण्याच्या मुख्य उद्देशाने नाव घेणे हे वाईट हेतूचे लक्षण म्हणून या धोरणांत लिहून ठेवलेले आहे. म्हणजे आपण विचारलेली युक्ती हाच तेथे पुरावा ठरतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशी तक्रार दाखल करायला एका पंचासाठी १,५०० डॉलर शुल्क पडते, आणि मोठ्या कंपनीला ते आपल्या मागणीपेक्षा स्वस्त वाटते. डॉट कॉमचा लवाद दंड करत नाही, पण नाव जाते आणि भरलेले भाडेही जाते. न्यायालयात प्रकरण गेले तर नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळाच.

सर्वसामान्य शब्दांचे तसे नसते. ‘हळद’ किंवा ‘छत्री’ हा शब्द त्या वस्तूच्याच अर्थाने कोणी धरून ठेवला तर त्यावर हरकत टिकणे कठीण. तरीही नोंदणीपूर्वी भारतीय व्यापारचिन्ह नोंदवहीतील विनामूल्य शोध घ्यावा, कारण वरकरणी साधा वाटणारा शब्द एखाद्या उत्पादनाचे नाव निघतो.

प्रश्न : देवनागरीतून डॉट भारत नावे घेता येतात असे समजले. त्यांत गुंतवणूक करावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : देवनागरीतील डॉट भारत २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मराठी, कोकणी, हिंदी या भाषांतील नावे त्यात नोंदता येतात. स्वतःच्या संस्थेसाठी किंवा दुकानासाठी असे नाव अवश्य घ्यावे. विकण्यासाठी मात्र आज घेऊ नये, कारण पत्ता देवनागरीत टाइप करणारे लोक थोडे, अनेक अर्जनमुने असा ईमेल पत्ता स्वीकारतच नाहीत, आणि पुनर्विक्रीचा बाजार जवळपास नाही. मला हे लिहिताना वाईट वाटते.

प्रश्न : माझ्या एका नावासाठी परदेशातून ईमेल आला आहे. समोरचा ४,००० डॉलर द्यायला तयार आहे, पण आधी एका ठरावीक संकेतस्थळावरून मूल्यांकनाचा दाखला आणा म्हणतो, ज्याची फी दीडशे डॉलर आहे. द्यावी का? आणि खरा ग्राहक आला तर व्यवहार कसा करावा?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : देऊ नये. ही जुनी फसवणूक आहे. दाखला देणारा आणि ग्राहक एकच असतात, आणि फी भरली की दोघेही गायब होतात. खरा ग्राहक आपल्या नावाची किंमत आपण आणलेल्या दाखल्यावरून ठरवत नाही. ‘तुमचे नाव आमच्या देशात दुसरे कोणी नोंदत आहे, त्वरित पैसे भरा’ अशा धाटणीची पत्रेही त्याच जातीची.

खऱ्या व्यवहारात पैसे आधी की नाव आधी हा पेच असतो आणि तो एस्क्रो सेवेने सुटतो. ग्राहक रक्कम त्या त्रयस्थ सेवेकडे भरतो, ती जमा झाल्याची खात्री आपण सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन करतो (ईमेलमधील दुव्यावरून कधीही नाही), मग नाव हस्तांतरित करतो, आणि ग्राहकाने ताबा मिळाल्याचे कळवल्यावर रक्कम आपल्याला मिळते. सेडो किंवा आफ्टरनिकसारख्या बाजारपेठेवर नाव विक्रीला लावले असेल तर ही व्यवस्था तेथेच होते. त्यांची दलाली बरेचदा पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात जाते. हस्तांतरासाठी आपल्या रजिस्ट्रारकडून नावाचे कुलूप काढून एक गुप्त संकेतांक घ्यावा लागतो. तो व्यवहार पक्का होण्यापूर्वी कोणालाही सांगू नये. नाव नुकतेच नोंदले असेल तर साधारण ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, मात्र ग्राहकाचे खाते त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर खात्यातून खात्यात देता येते.

बोलणी चालू असताना नूतनीकरणाची तारीखही पाहावी. एकदा माझ्या बँक कार्डाची मुदत संपली होती, आपोआप होणारे नूतनीकरण झाले नाही, आणि ते नाव मुदतीनंतर लिलावात गेले. जो ग्राहक माझ्याशी घासाघीस करत होता त्यानेच ते तेथून उचलले की काय, अशी शंका मला आजही येते. डॉट कॉम नाव मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने परत देतात, त्यानंतरच्या ३० दिवसांत ते जबर शुल्क भरून सोडवता येते, आणि शेवटचे ५ दिवस झाले की ते सर्वांसाठी मोकळे होते. पण चांगले नाव त्या टप्प्यापर्यंत क्वचितच पोहोचते, कारण रजिस्ट्रार ते आधीच लिलावात काढतो.

डॉलरमध्ये रक्कम आली की करपात्र उत्पन्नाचा प्रश्न येतोच. हे उत्पन्न धंद्याचे धरायचे की भांडवली नफ्याचे, हे आपण किती नावे आणि किती वेळा विकता यावर अवलंबून असल्याने सनदी लेखापालाला विचारावे. त्यासाठी नोंदणीच्या, प्रत्येक वर्षीच्या नूतनीकरणाच्या आणि दलालीच्या पावत्या पहिल्या नावापासून एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात.