मच्छरदाणी दिली, पण तिच्यात झोपतं कोण?

वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक आरोग्य

प्रश्न : एमएसडब्ल्यू करून काही वर्षं आरोग्य प्रकल्पांत काम केलं. आता पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात हिवताप नियंत्रण कार्यक्रमासाठी वर्तनबदल संवादाची सल्लागार म्हणून माझी निवड झाली आहे. तिथे मच्छरदाण्यांचं मोठं वाटप होऊन वर्ष झालं, तरी लोक त्या वापरत नाहीत अशी तक्रार आहे. पहिल्या महिन्यात संवाद आराखडा द्यायचा आहे. सुरुवात पोस्टरपासून करावी की रेडिओपासून?
— एक वाचक, कराड

उत्तर : दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी ‘लोक वापरत नाहीत’ ही तक्रारच तपासा. तिच्यामागे बहुधा एकच आकडा असतो : काल रात्री किती टक्के लोक मच्छरदाणीत झोपले. तेवढ्यावरून फारसं कळत नाही. एक मच्छरदाणी दोघांना पुरते असं धरतात. घरात सहा माणसं आणि दोन मच्छरदाण्या असतील तर जागा चौघांनाच. ते चौघं झोपले की वापर दिसतो 67 टक्के, पण ज्यांना जागा होती ते सगळेच आत झोपलेत. या घराला ‘मच्छरदाणी वापरा’ सांगून काय साधणार? इथे नग कमी पडलेत. त्याच घरात दोघंच आत झोपले असते तर मात्र प्रश्न सवयीचा. म्हणून सर्वेक्षणाचा मूळ तक्ता मागून घ्या आणि जिल्हावार हे दोन प्रकार वेगळे काढा. वाटपाचा हिशोबही पाहा. मोहिमेसाठी लोकसंख्येला 1.8 ने भागून नग काढतात, म्हणजे 9,000 वस्तीला 5,000. त्यासाठी घेतलेली जनगणना जुनी असेल तर तूट तिथेच पडलेली असते, आणि कुठलीही जाहिरात ती भरून काढत नाही.

ज्या घरांत मच्छरदाण्या पुरेशा असून रिकाम्या राहतात, तिथे जाऊन बसा. ‘वापरता का?’ विचारलंत की पाहुण्याचा मान ठेवून ‘हो’ येणारच. एकेका मच्छरदाणीकडे बोट करून ‘काल रात्री हिच्यात कोण कोण झोपलं?’ असं विचारा. मग एकेक गोष्ट बाहेर येते. नव्या मच्छरदाणीवरच्या पायरेथ्रॉइड या डासनाशक औषधामुळे तोंडाची चुरचुर होते आणि ती पहिल्याच रात्री गुंडाळून पेटीत जाते. वापरण्याआधी 24 तास सावलीत पसरून ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. उन्हात मात्र ठेवायची नाही, औषधाचा जोर जातो. ही सूचना वाटपाच्या दिवशी, नग हातात देतानाच द्यायची असते. वर्षभराने रेडिओवरून दिली तर ऐकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. बाकीची कारणंही अशीच साधी निघतात : उकाड्यात लोक अंगणात झोपतात आणि तिथे दोरी बांधायला काही नसतं, पावसाळा सरला, डासांची गुणगुण थांबली, की मच्छरदाणी उतरते, पाच वर्षांवरच्या मुलांचा नंबर शेवटी लागतो. या शेवटच्या गोष्टीत आपल्या क्षेत्राचाही हात आहे. चित्रांत कायम गरोदर बाई आणि तान्हं मूलच दाखवलं, तर बाकीच्यांनी काय समजावं?

सेनेगलच्या मोहिमेतलं ‘सगळं कुटुंब, वर्षभर, रोज रात्री’ हे घोषवाक्य या दृष्टीने बघा. त्याचा प्रत्येक तुकडा एका ठरावीक अडचणीला धरून आहे. ‘मच्छरदाणी वापरा, हिवताप टाळा’ यातून ऐकणाऱ्याने नेमकं काय वेगळं करायचं, हे कळत नाही.

आराखडा मग फार लांबत नाही. कोणी, कधी, नेमकं काय करायचं. आज ते कशामुळे अडतं. ती अडचण कोण दूर करणार. एका टप्प्यात असे दोनच बदल धरा. बारा संदेशांचं रंगीत पत्रक कोणी वाचत नाही, पण मंजूर लवकर होतं, तेव्हा तो मोह होणार हे धरून चला. तिथल्या राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमाचं स्वतःचं संवाद धोरण असतं; ते आधी वाचा, नाहीतर तुमचा आराखडा कपाटात जाईल. चित्रं छापण्याआधी दहा-पंधरा जणांना एकेकटं गाठून दाखवा आणि ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. फुलीची खूण म्हणजे ‘हे करू नका’, असं सगळीकडे वाचलं जात नाही.

एक सावधगिरी मोजमापाची. रेडिओ ऐकणाऱ्यांत वापर जास्त दिसला म्हणून श्रेय लगेच रेडिओला देऊ नका. ज्यांच्याकडे रेडिओ आहे ती घरं बरेचदा मुळातच सुस्थितीतली असतात. तुलना करायची तर सारख्या आर्थिक स्तरातल्या घरांची करा.

निघण्याआधी गळीत हंगाम चालू असेल तर कराडच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर या प्रश्नांचा सराव करा. टोळी पहाटेच फडात जाते, त्यामुळे सकाळी अकराची बैठक म्हणजे रिकाम्या कोप्यांशी गप्पा. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. मुकादमाला आधी भेटा, पण बायकांच्या वतीने त्याने दिलेली उत्तरं लिहून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या गावात दर आठवड्याला ‘कोरडा दिवस पाळा, पाणी साचू देऊ नका’ असं स्पीकरवरून पुकारतो. कोणी बॅरल रिकामं करत नाही. टँकरचं पाणी ओतून कोण देणार?
— ग्रामपंचायत सदस्य, आटपाडी तालुका

उत्तर : बरोबर आहे, कोणी ओतणार नाही, आणि सांगूही नका. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात हिवतापाचा ॲनोफिलिस स्टीफेन्सी आणि डेंगीचा एडिस दोन्ही वाढतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचं चक्र. ते चक्र तुमच्या टँकरला जोडा. टँकर येण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅरल जवळजवळ रिकामं असतं. तळातलं पाणी भांडी-सांडपाण्याला वापरायचं आणि आतल्या कडा काथ्याने घासायच्या. नुसतं उपडं करून चालत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. भरल्यावर तोंडाला जुनं सुती कापड ताणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळायचं. कापड पाण्याला टेकलं तर केलेलं वाया.

स्पीकरपेक्षा एक वाटी जास्त काम करते. आशाताईंनी पांढऱ्या वाटीत त्याच घरच्या बॅरलचं पाणी घ्यावं आणि बॅटरीच्या उजेडात घरच्या बाईला दाखवावं. पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडलेली अळी हिवतापाच्या डासाची. डोकं खाली करून तिरकी लोंबणारी डेंगीच्या किंवा क्युलेक्स डासाची. बोटाची सावली पडली की त्या वळवळत खाली जातात. आपल्याच पाण्यात त्या बघितल्यावर कापड बांधायला फारसं सांगावं लागत नाही. पुढच्या खेपेला तीच वाटी पुन्हा धरायची, म्हणजे निकालही तिलाच दिसतो.

हौदात आणि जनावरांच्या टाक्यांत गप्पी मासे सोडा, ओढ्यात किंवा तलावात मात्र नको. तिथल्या मूळच्या माशांना ते त्रास देतात. टेमिफॉस हे अळीनाशक आरोग्य सेवकालाच टाकू द्या.

प्रश्न : माझे दीर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) कामासाठी ओडिशात असतात. सुट्टीला आले ते ताप घेऊन. तपासणीत व्हायवॅक्स हिवताप निघाला. ताप उतरला तशा चौथ्या दिवशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. कसं समजवावं?
— एक वाचक, विटा

उत्तर : त्यांना दोन औषधं सुरू केलेली असणार. क्लोरोक्विन तीन दिवस. ते रक्तातले जंतू मारतं आणि ताप उतरतो. प्रायमाक्विन 14 दिवस. ते यकृतात दडून बसलेल्या जंतूंसाठी असतं. ते अर्धवट सोडलं तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, डास न चावताही, तोच ताप उलटू शकतो. ‘आजार वाढेल’ अशी भीती घालण्यापेक्षा हे सांगा की पुढचा ताप परमुलखात, ऐन कामाच्या दिवसांत येईल. हे लवकर पटतं.

गोळ्या का सोडल्या, तेही विचारा. उपाशीपोटी प्रायमाक्विन घेतली की पोटात कळा येतात, मळमळतं. जेवणानंतर घेतली तर बहुतेकांचं निभतं. राहिलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. ज्या दवाखान्यातून दिल्या तिथे नेऊन खंड किती दिवसांचा पडला ते सांगा. लघवी चहासारखी काळपट झाली असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांना हे औषध बाधतं. गरोदर बाई आणि एक वर्षाखालचं मूल यांना ते देतच नाहीत, म्हणून उरलेलं पाकीट घरात दुसऱ्या कोणासाठी जपून ठेवू नका.